गाडीची चावी चालेनाशी झाली, तर आधी काय तपासायचं?

रिमोट दाबला आणि दार उघडलं नाही, की बहुतेक जण एकतर सेल बदलतात नाहीतर थेट शोरूमला फोन लावतात. सेल बदलून बऱ्याचदा भागतं. भागलं नाही, तर मात्र पुढचा प्रवास अंदाजाने होतो आणि अंदाज महागात पडतो. पैसे घालण्याआधी चावीचा नेमका कोणता भाग बंद पडलाय हे ओळखायला शिका. त्याला दहा मिनिटं आणि घरातली दुसरी चावी एवढंच लागतं.

एका चावीत तीन वस्तू

हल्लीच्या चावीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच प्लास्टिकच्या केसमध्ये बसवलेल्या असतात. एक बिघडली तरी बाकीच्या दोन व्यवस्थित चालू शकतात.

पहिलं म्हणजे पातं. धातूचा हा तुकडा दाराचं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतो. विजेशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी, चिप. हिला ट्रान्सपाँडर म्हणतात. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक रिंग असते. चावी घालून फिरवली की ती रिंग साधारण १२५ किलोहर्ट्झचं (काही गाड्यांत १३४ च्या आसपास) क्षेत्र तयार करते. त्या क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख गाडीला कळवते. गाडीतल्या इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, ती पटली तरच इंजिन चालू राहतं. चिपला सेल लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढचं निम्मं निदान त्यावर आहे.

तिसरा, रिमोट. बटणं, छोटा सर्किट बोर्ड आणि सेल. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो. दारं आणि डिकी उघडणं-लावणं एवढंच त्याचं काम. सेल असतो तो याच्यासाठी.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट कीमध्ये याच गोष्टी असतात, फक्त रिमोट जास्त हुशार असतो. तुम्ही हँडलवरचं बटण दाबलं की गाडी १२५ किलोहर्ट्झवर विचारणा करते आणि चावी ४३३ वर उत्तर देते. ही विचारणा कधीही येऊ शकते, म्हणून चावीला सतत जागं राहावं लागतं. साध्या रिमोटपेक्षा स्मार्ट कीचा सेल लवकर संपतो तो यामुळे.

बिघाड कुठे आहे ते आधी ठरवा

पहिली पायरी: दुसरी चावी घेऊन या. दोन्ही चाव्यांनी तीच तक्रार दिली तर दोष चावीत नाही, गाडीत आहे. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते, सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज उडालेला असतो किंवा इग्निशनभोवतीची रिंग गेलेली असते. गाडी बंद असताना बॅटरीवर मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा. बॅटरी उतरल्यावर चावीला दोष देणं हे फार नेहमीचं आहे.

दुसरी चावी चालते आणि पहिलीच चालत नाही, तर पुढचं बघा.

दारं रिमोटने उघडत नाहीत, पण पात्याने उघडून गाडी नेहमीसारखी सुरू होते: पातं आणि चिप ठीक आहेत, दोष रिमोटमध्ये आहे. सेल, स्विच किंवा बोर्ड.

दारं रिमोटने झकास उघडतात, पण गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो: चिप वाचली जात नाहीये. काही गाड्यांत सेल्फच लागत नाही, तर काहींत इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं. इथे सेल बदलून काहीही होणार नाही. आधी चावीच्या जुडग्यातून दुसऱ्या गाडीची किंवा बाइकची चिप असलेली चावी काढून टाका. दोन चिपा शेजारी आल्या की रिंगचा गोंधळ उडतो. धातूचे जाड कीचेनही त्रास देतात.

तीनपैकी एकच बटण चालत नाही: त्या बटणाखालचा स्विच गेला. बाकीचं सगळं ठीक आहे.

बटणांनी उघडते, पण हँडलच्या बटणाने उघडत नाही आणि 'चावी सापडली नाही' असा संदेश येतो: स्मार्ट कीच्या बोर्डावर चौकोनी ठोकळ्यासारखी एक छोटी कॉइल असते, गाडीची विचारणा तीच ऐकते. चावी फरशीवर आपटली की ती तडकते किंवा तिचा सांधा सुटतो.

घरी चालते, एखाद्या ठरावीक पार्किंगमध्येच चालत नाही: ४३३ च्या पट्ट्यात सोसायटीच्या गेटचे रिमोट आणि वायरलेस बेलही बोलत असतात. गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा. स्मार्ट की मोबाइलला चिकटून किंवा वायरलेस चार्जरवर ठेवली असेल तर बाजूला घ्या.

'लॉक होत नाही' अशी तक्रार असेल तर डिकी नीट लागली आहे का, एखादं दार अर्धवट आहे का, दुसरी स्मार्ट की आतच राहिली आहे का, हेही बघा. अशा वेळी गाडी लॉक व्हायला नकार देते, आणि ते बरोबरच आहे.

चावीवरचा लाल दिवा लागतो म्हणजे रिमोट चालतो, असं समजू नका. दिव्यावरून फक्त सेल आणि स्विच ठीक आहेत एवढं कळतं. रेडिओ लहरी बाहेर पडतात की नाही, ते त्यातून कळत नाही. चांगल्या चावीवाल्याकडे फ्रीक्वेन्सी दाखवणारं यंत्र असतं. त्यावर चावी धरून बटण दाबलं की ४३३.९ च्या जवळचा आकडा दिसायला हवा. दिवा लागतो आणि आकडा येत नाही, तर बोर्डावरचं, फ्रीक्वेन्सी ठरवणारं क्रिस्टल फुटलेलं असण्याची शक्यता बरीच.

सेल बदलणं

सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ त्याच व्यासाचा, पण २.५ जाड. सीआर १६२० म्हणजे १६ व्यास, २ जाड. सगळे ३ व्होल्टचेच, म्हणून दुकानदार '२०३२ नाही, २०२५ चालेल' म्हणतो. चालत नाही. पातळ सेल त्याला धरणाऱ्या पत्र्याला नीट टेकत नाही आणि खड्ड्यात गाडी आदळली की रिमोट चालू-बंद होतो. उलटं केलं, म्हणजे २०२५ च्या जागी २०३२ कोंबला, तर पत्रा वाकतो आणि पुढे बरोबरचा सेलसुद्धा सैल बसतो. जुन्या सेलवरचा आकडा बघूनच नवा घ्या.

एलआयआर २०३२ नावाचा, दिसायला अगदी तसाच चार्ज होणारा सेल मिळतो. तो पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टपर्यंत जातो. ३ व्होल्टच्या रिमोटमध्ये तो घालू नका. उलट, काही जुन्या बीएमडब्ल्यूंच्या चावीत कारखान्यातूनच सोल्डर केलेला चार्ज होणारा सेल असतो, व्हीएल २०२० नावाचा. त्या जागी साधा सीआर बसवायचा नाही, कारण गाडी त्याला चार्ज करायला जाते.

चावी उघडताना आधी पातं बाहेर काढा (स्मार्ट की असेल तर बाजूची खिट्टी दाबून). मग कडेला नखाएवढी खाच दिसते. तिथे गिटारचं पिक, जुनं एटीएम कार्ड किंवा टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला दोन-तीन मिलिमीटरचा चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच पिळा. जोर लावायची वेळ आली तर थांबा. कुठेतरी स्क्रू राहिलाय, बहुधा कंपनीच्या बोधचिन्हाच्या स्टिकरखाली.

जुना सेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. अधिक खूण वर आहे की खाली, ते मॉडेलनुसार बदलतं. नवा सेल कडेने धरा. दोन्ही बाजूंना बोटं लावली तर घामाचा पातळ थर राहतो, तो कोरड्या कापडाने पुसा.

मीटरवर नवा सेल ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. पण नुसतं तेवढं बघून फसायला होतं, कारण थकलेला सेलही काही काम न करता नुसता पडलेला असताना ३ दाखवतो. २०३२ ला ४७० ओहमचा रेझिस्टर दोन सेकंद जोडून तेव्हाचा आकडा बघा. चांगला सेल २.८ च्या वर टिकतो, संपत आलेला झपाट्याने खाली येतो.

सेल काढला की चावीतला कोड पुसला जातो, अशी भीती अनेकांना असते. बहुतेक रिमोटचा कोड वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असतो. रात्रभर सेल काढून ठेवला तरी काही होत नाही.

आणि जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा.

रस्त्यात सेल संपला तर

स्मार्ट कीच्या पोटात पातं लपवलेलं असतं. दाराच्या हँडलवर कुलूप दिसत नसेल तर बऱ्याच गाड्यांत ते एका छोट्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. पात्याने उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. आत बसून ब्रेक दाबा आणि चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून त्याच चावीने ते दाबा. काही गाड्यांत बटणाऐवजी कप ठेवायच्या जागी किंवा कन्सोलमध्ये चावीची जागा ठरलेली असते. मॅन्युअलमध्ये ती चित्रासकट दिलेली असते. चिपला सेल लागत नाही हे वर सांगितलं, त्याचा उपयोग इथे होतो.

पावसात किंवा वॉशिंग मशीनमध्ये भिजलेली चावी

पाण्याने चावी लगेच मरत नाही. पाणी आणि सेल एकत्र राहिले की मरते. वीज चालू असताना ओल्या तांब्यावर गंज झपाट्याने चढतो. म्हणून बटण दाबून 'चालते का' हे बघायचा मोह टाळा आणि पहिल्यांदा सेल काढा.

मग बोर्ड केसमधून सोडवा आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ टूथब्रशने दोन्ही बाजू धुवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळतं. हॅण्ड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनरने केस आणि बटणांचं रबर विरघळतं. धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण दिवस ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने पीठ तेवढं आत जातं.

किनारपट्टीवर, म्हणजे कोकणात आणि गोव्यात, चावी भिजली नाही तरी खाऱ्या हवेने सेलच्या पत्र्यांवर हिरवट थर धरतो. खिशातल्या घामाचंही तेच. अल्कोहोल लावलेल्या ब्रशने तो निघतो. निघाला नाही तर खोडरबराने पत्रा हलकेच घासा. सँडपेपरने मुलामा निघून जातो आणि गंज दुप्पट वेगाने परत येतो. पाणी खारं असेल, म्हणजे चावी समुद्रात पडली असेल, तर आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून मग अल्कोहोल वापरा. मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही.

गेलेलं बटण आणि सुटलेला सांधा

रबराच्या बटणाखाली बोर्डावर धातूचा चिमुकला स्विच असतो. हजारो वेळा दाबून तो थकतो, बहुतेकदा उघडण्याचाच. सेल काढून मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि स्विचच्या दोन पायांना टोकं लावून दाबा. दाबल्यावर आवाज यायला हवा, सोडल्यावर थांबायला हवा. दर दाबाला येत नसेल तर स्विच बदला.

किंमत काही रुपये असते, पण माप चुकलं की सगळं बिघडतं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही मोजा. उंची बुटक्या टोपीसकट धरायची. नवा स्विच अर्धा मिलिमीटर उंच निघाला तर केस बंद केल्यावर बटण कायम दाबलेलं राहतं, सेल दोन-चार दिवसांत संपतो आणि तुम्ही सेललाच नावं ठेवत बसता. बुटका निघाला तर रबर टेकतच नाही.

२५ वॉटची बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि अर्ध्या मिलिमीटरची सोल्डर तार पुरते. आधी जुन्या सांध्यांवर थोडी नवी सोल्डर चढवा, त्याने जुनी लवकर वितळते. दोन्ही बाजूंचे सांधे आळीपाळीने तापवा आणि स्विच आपण होऊन सुटू द्या. चिमट्याने ओढलात तर बोर्डावरची तांब्याची टिकली उपटून येते, आणि मग पाच रुपयांच्या कामाचं नव्या चावीचं बिल होतं. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जा. हे काम त्याच्या रोजच्यापेक्षा सोपं आहे.

बोर्ड उघडलाच आहे तर सेल धरणाऱ्या पत्र्याचे सांधे भिंगातून बघून घ्या. चावी पडली की सेलच्या वजनाचा धक्का तिथेच बसतो. सांध्याभोवती केसाएवढी काळी रेघ दिसली तर तो तडकलाय. फ्लक्स लावून पुन्हा तापवला की काम होतं. 'कधी चालते, कधी नाही, दाबून धरली की चालते' ही तक्रार बहुधा इथली असते.

केस बदलताना चिप विसरू नका

बटणांचं रबर फाटलं, कडी तुटली, फ्लिप चावीचं (बटण दाबल्यावर पातं बाहेर येतं ती) पातं लोंबायला लागलं, की फक्त केस बदलून चालतं. रिकामी केस ऑनलाइन किंवा चावीवाल्याकडे काही शे रुपयांत मिळते. आतला बोर्ड आणि चिप मात्र तुमचीच वापरायची.

१. केस घेताना बटणांची संख्या, बोर्डाचा आकार आणि पात्याची खाच जुळवा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या केस वेगळ्या असतात.

२. जुनी केस उघडा आणि बोर्ड काढा. मग रिकाम्या वाटणाऱ्या केसमध्ये चिप शोधा. काही चाव्यांत ती काळ्या पाचरीसारखी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असते, तर काहींत काचेच्या बारीक नळीसारखी. ती वेगळ्या खाचेत, कधी गोंदाने चिकटवलेली असते. बोर्डावरच बसवलेली असेल तर वेगळी सापडणार नाही.

३. पाचरीची चिप ब्लेडच्या टोकाने कडेने उचला. काचेची असेल तर केसचं प्लास्टिक कापून काढा, चिपेला ढकलू नका. काच तडकली की चावी गेली.

४. नव्या केसमध्ये तशाच खाचेत, त्याच दिशेने बसवा. सैल वाटली तर कडेला थेंबभर गोंद लावा.

५. पातं फ्लिप प्रकारचं असेल तर ते एका छोट्या पिनने अडकवलेलं असतं. १.५ मिलिमीटरच्या पंचने ती ठोकून काढा. नव्या डोक्यात बसवताना स्प्रिंगला आधी एक ते दोन वेढे द्यावे लागतात, नाहीतर बटण दाबूनही पातं उघडत नाही.

६. केस पूर्ण बंद करण्याआधी गाडीत जाऊन दारं आणि स्टार्ट दोन्ही बघा.

केस बदलल्यावर 'दारं उघडतात, पण गाडी सुरू होत नाही' असं झालं, तर चिप जुन्या केसमध्येच राहिली आहे. म्हणून काम तपासून होईपर्यंत जुनी केस फेकू नका.

नव्या केससोबत येणारं कोरं पातं कापून घ्यावं लागतं. जमल्यास जुनंच पातं बसवा. फार झिजलं असेल तर चावीच्या क्रमांकावरून कापून घ्या. झिजलेल्या पात्यावरून केलेली नक्कल झिजलेलीच निघते. आणि कुलूप जड झालं म्हणून त्यात खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडू नका. धूळ चिकटून ते आणखी जड होतं. ग्राफाइटची भुकटी वापरा.

सेल नवा, तरी रिमोट मुका

रिमोट दर दाबाला नवा कोड पाठवतो, म्हणजे कोणी तो पकडून पुन्हा वाजवला तरी दार उघडत नाही. गाडी आणि रिमोट एकाच पाढ्यावर बोट ठेवून बसलेले असतात, असं समजा. मुलाने घरात खेळताना बटण शंभरदा दाबलं, तर रिमोट पाढ्यात पुढे जातो आणि गाडी मागे राहते. कीलॉक नावाची यासाठीची एक जुनी, बरीच वापरली गेलेली पद्धत आहे. तिच्या नेहमीच्या मांडणीत गाडी १६ पायऱ्यांपर्यंतचा फरक मुकाट्याने चालवून घेते. त्यापुढे सुमारे ३२ हजार पायऱ्यांपर्यंत फरक असेल तर लागोपाठचे दोन कोड मिळाल्यावर ती जुळवून घेते. म्हणून गाडीजवळ उभं राहून तेच बटण दोन-तीनदा सावकाश दाबून बघा. तेवढ्याने झालं नाही तर मॅन्युअलमधली पद्धत वापरा. अनेक गाड्यांत इग्निशन ऑन करून लॉकचं बटण काही सेकंद दाबून धरणं एवढंच असतं.

नवी चावी करायची वेळ आली तर

बोर्ड जळाला, चिप फुटली किंवा चावी हरवली, तर नवी चावी गाडीत नोंदवून घ्यावी लागते. एक चावी हातात असताना दुसरी करणं स्वस्त आणि सोपं असतं. सगळ्या चाव्या गेल्यावर तेच काम कित्येक पटींनी महाग होतं. काही गाड्यांत इमोबिलायझरचा बॉक्स उघडावा लागतो, आणि गाडी टो करून नेण्याचा खर्च वेगळा.

शोरूममध्ये आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि चासी क्रमांक मागतात. बऱ्याच ठिकाणी विम्याची प्रतही लागते. चावी चासी क्रमांकावरून मागवली जाते, त्यामुळे ती त्याच दिवशी मिळेल असं धरू नका. चावीची किंमत आणि प्रोग्रॅमिंगची मजुरी वेगळी असते, दोन्ही आधी विचारून घ्या.

बाहेरचा चावीवाला हे काम कमी पैशांत करतो आणि चांगला असेल तर नीट करतो. दोन पद्धती आहेत. एकात तो तुमच्या चिपेची हुबेहूब नक्कल काढतो. गाडीला ती जुनीच चावी वाटते. काम पटकन होतं, पण उद्या दोहोंतली एक हरवली तर तिला एकटीला बाद करता येत नाही. दुसऱ्यात तो स्टिअरिंगखालच्या, गाडीतले दोष वाचायच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडून नवी चावी स्वतंत्रपणे नोंदवतो. शक्यतो हीच पद्धत मागा.

त्या दिवशी घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. अनेक गाड्यांत नोंदणी करताना आधीच्या चाव्या पुसल्या जातात आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा चढतात. घरी राहिलेली दुसरी चावी मग गाडीच्या लेखी अनोळखी होते. काम चालू असताना गाडीची बॅटरी उतरू देऊ नका. नोंदणी मध्येच तुटली तर इमोबिलायझर अडकून बसू शकतो. ह्युंदाई आणि कियाच्या अनेक गाड्यांत इमोबिलायझरचा सहा आकडी पिन लागतो. तो अंदाजाने वारंवार टाकला तर युनिट काही काळ पिन घेणंच बंद करतं. 'बघू लागतोय का' म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

सेकंडहॅण्ड स्मार्ट की स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ती पहिल्या गाडीशी बांधली गेलेली असते आणि बहुतेक वेळा दुसरीत नोंदतच नाही.

पैसे देण्याआधी प्रत्येक चावीने चारही दारं, डिकी आणि इंजिन स्टार्ट करून बघा. यंत्रावर गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत हा आकडा दिसतो, तो दाखवायला सांगा. तुमच्याकडे दोन चाव्या आणि यंत्रावर तीन, तर तिसरी पुसून घ्या. जुनी गाडी विकत घेतल्यावरही हे आवर्जून करावं.

हरवलेली चावी आणि विमा

चावी हरवली तर आधी पोलिसांकडे नोंद करा. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची नोंद घरबसल्या करता येते. चोरीला गेली असेल तर मात्र ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवा. नवी चावी करताना आणि विम्याच्या दाव्यासाठी तो कागद लागतो. तुमच्या पॉलिसीत चावी बदलून मिळण्याचं जादा कव्हर आहे का, ते बघा. असेल तर नवी चावी स्वतः करून घेण्याआधी कंपनीला कळवा, नाहीतर दावा अडतो. हरवलेली चावी गाडीतून पुसायला विसरू नका. ज्याला गाडीचा पत्ता माहीत आहे अशा कोणाच्या हाती ती लागली असेल, तर पात्याने दार तरीही उघडतं, म्हणून दाराचं कुलूपही बदलावं लागेल.

नव्या गाडीच्या चाव्यांसोबत बऱ्याचदा क्रमांक कोरलेला छोटा बिल्ला येतो. त्यावरून पातं कापता येतं. तो जुडग्यातून काढून घरात कागदपत्रांसोबत ठेवा, गाडीच्या खणात नको.

आणि नवी चावी मिळाल्यावर जुनी, बिघडलेली फेकून देऊ नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते आणि एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. गाडी विकतानाही दुसरी चावी विचारली जातेच. सेल काढा, चावी पाकिटात घाला आणि वर 'रिमोट बंद, चिप चालू' किंवा जे काही असेल ते लिहून आरसीच्या फाइलमध्ये ठेवून द्या.